शेळी सारखी उलटतेय? इंजेक्शन द्यायच्या आधी परड्यात काय काय तपासायचं

"ताई, शेरडू परत उलटलं बघा." उलटलं म्हणजे बोकड दाखवूनही गाभ न राहता शेळी पुन्हा माजावर आली. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात वाड्या-वस्त्यांवर पशुसखी म्हणून फिरायला लागल्यापासून हे वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलं आहे. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं : "आता एखादं गरम इंजेक्शन द्या, नाहीतर बाजार दाखवते तिला."

थोडं थांबा. परड्यात दोन-तीन शेळ्या बांधणाऱ्या घराचा हिशोब आधी मांडू. शेळीचा गाभणकाळ 145 ते 150 दिवसांचा. व्याल्यावर तीन महिन्यांत ती पुन्हा गाभ राहिली तर दोन वर्षांत तीन वेतं मिळतात. एकदा उलटली की साधारण 21 दिवस जातात. तीनदा उलटली तर दोन महिने गेले आणि दोन वर्षांतलं तिसरं वेत हातचं सुटलं. आपल्याकडची उस्मानाबादी शेळी बहुधा जुळी देते, म्हणजे दोन करडं गेली. पोरांची फी आणि दवाखाना ज्या घरात करडांवर चालतो तिथं हे नुकसान मोठं आहे. म्हणून घाई होते, आणि नेमकी त्या घाईतच चूक होते.

इतकी वर्षं ही एकच तक्रार सोडवताना मला पक्कं कळलंय की बहुतेक वेळा दोष शेळीत नसतो. तो तारखेत असतो, बोकडात असतो, नाहीतर गव्हाणीत असतो. या तिन्ही गोष्टी फुकटात किंवा थोड्या पैशात तपासता येतात.

आधी लक्षण कोणतं ते ठरवा

"उलटते" या एका शब्दाखाली पाच-सहा वेगळ्या तक्रारी असतात. तुमची कोणती आहे ते बघा.

- बोकड दाखवल्यावर 18 ते 22 दिवसांनी पुन्हा माजावर येते. म्हणजे गर्भ धरलाच नाही. वेळ चुकली असेल किंवा बोकडात खोट असेल. सगळ्यात जास्त तक्रारी या प्रकारच्या.
- पाच ते आठ दिवसांतच पुन्हा माज दाखवते. पहिल्यांदा माजावर आलेली पाट (अजून न व्यालेली तरणी मादी), नुकतीच व्यालेली शेळी, किंवा बऱ्याच दिवसांनी बोकड जवळ आल्यावर माजावर आलेली शेळी असं करते. एखाद्या वेळी झालं तर घाबरू नका, पुढचा माज धरा. सतत होत असेल तर ते डॉक्टरांचं काम.
- 30-35 दिवसांनी किंवा आगेमागे अशा अवेळी माजावर येते. गर्भ धरून लवकर गळला असण्याची शक्यता. मात्र बरोबर 40-42 दिवस भरत असतील तर मधला एक माज तुमच्या नजरेतून सुटला असेल.
- माजावर येतच नाही. भुकेली आहे, अंगावर करडं पितायत, किंवा आधीच गाभण आहे.
- गाभण दिसते, पोट वाढतं, आणि मग एके दिवशी नुसतं पाणी पडून पोट उतरतं, करडू नाहीच. हे खोटं गाभणपण असतं.
- चौथ्या-पाचव्या महिन्यात गाभडते, म्हणजे गर्भ पडतो. ही तक्रार या यादीत असली तरी तिचा मार्ग पूर्ण वेगळा आहे. तुमच्याकडे हे घडलं असेल तर मधलं सगळं सोडून थेट "कुठं थांबायचं" हा भाग वाचा.

तारीख लिहिलीय का?

पहिली तपासणी पेन आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची. विचारलं की उत्तर येतं, "झाले की महिनाभर." महिनाभर म्हणजे 20 दिवसही असतात आणि 40 दिवसही, आणि वर पाहिलंत तसं त्या दोन्हींचा अर्थ वेगळा. तारीख नसेल तर डॉक्टरलाही अंदाजानंच औषध द्यावं लागतं.

ज्या दिवशी माज दिसला त्या चौकटीत शेळीची खूण करा आणि "सकाळ" किंवा "संध्याकाळ" लिहा. बोकड दाखवला की कुणाचा दाखवला तेही लिहा. त्यापुढच्या 18व्या दिवशी एक फुली मारा. फुलीपासून 22व्या दिवसापर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं शेळीजवळ उभं राहायचं. एकटी शेळी असेल तर माज सहज हुकतो, कारण तिच्यावर चढायला किंवा जिच्यावर ती चढेल अशी दुसरी शेळी नसते. मग लक्ष ठेवायचं शेपटीवर. माजावरची शेळी शेपूट सारखी भिरभिर हलवते, उगाच ओरडते, थोडं थोडं मुतते, चारा अर्धवट टाकते, दूध कमी देते. निरण (योनीचा बाहेरचा भाग) सुजून लालसर होतं आणि पातळ, काचेसारखा सोट, म्हणजे चिकट स्राव, दिसतो.

गावात बोकड लांब असेल तर एक जुना उपाय आहे. बोकडाच्या शिंगांच्या मागं जिथं उग्र वास येतो तिथं फडकं चांगलं घासून घ्या आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. रोज सकाळी ती बरणी शेळीच्या नाकाशी उघडायची. माजावर असेल तर शेळी बरणी सोडत नाही, शेपूट हलवायला लागते. खर्च काही नाही, आणि माज मुका जाणाऱ्या शेळीसाठी याहून सोपं काही मला सापडलेलं नाही.

ती आधीच गाभण तर नाही?

ही तपासणी दुसऱ्याच क्रमांकावर ठेवण्याचं कारण माझ्या घरातलं आहे. माझ्या आत्यानं एक शेळी वांझ म्हणून आटपाडीच्या बाजारात विकली. सहा महिने माजावर येत नव्हती. ज्यानं घेतली त्याच्या दावणीला ती अडीच महिन्यांत व्याली, दोन पाटी झाल्या. आत्याला कळलं तेव्हा ती जेवली नाही त्या दिवशी. शेळी चरायला जायची तेव्हा रानात कुणाचा तरी बोकड लागला होता, घरात कुणाला पत्ता नव्हता.

दुसरी शक्यता घरातच असते. नर करडू चार-पाच महिन्यांचं झालं की ते शेळी गाभण करू शकतं. आपल्याला ते लहान वाटतं आणि ते आईजवळच बांधलेलं असतं. तिसरा महिना संपला की नर करडं वेगळी बांधा किंवा डॉक्टरांकडून खच्ची करून घ्या.

गाभण असण्याची शंका घरी कशी घ्यायची? तीन महिन्यांच्या पुढं उजव्या कुशीखाली तळहात टेकवून शांत उभं राहिलं की हालचाल हाताला लागते. पाटीची कास चौथ्या महिन्यापासून भरायला लागते. पोट दाबून, धसमुसळेपणा करून बघू नका. पक्कं हवं असेल तर सोनोग्राफीत एक-सव्वा महिन्यापासून कळतं, आणि खोटं गाभणपणही त्यातच कळतं.

हे एवढं का सांगतेय? "माजावर आणायचं" म्हणून जे इंजेक्शन गावोगाव टोचलं जातं त्यातलं एक गाभण शेळीला दिलं तर शेळी गाभडते. शेळीचा गर्भ शेवटच्या दिवसापर्यंत अंडाशयावरच्या एका गाठीच्या आधारानं टिकतो, आणि ते औषध नेमकी तीच गाठ विरघळवतं. आमच्या भागात एकाला घाईनं बोलावून असं इंजेक्शन देऊन घेतलं आणि चौथ्या दिवशी साडेतीन महिन्यांची दोन करडं पडली, ती मी स्वतः पुरली आहेत. शेळी गाभण नाही याची खात्री झाल्याशिवाय कुणालाही, अगदी ओळखीच्या माणसालाही, असं इंजेक्शन टोचू देऊ नका.

बोकड कोणत्या वेळी दाखवला?

शेळीचा माज साधारण एक ते दीड दिवस टिकतो, कधी दोन दिवस. बीज सुटतं ते माजाच्या शेवटाकडं. माज दिसल्या दिसल्या धावत नेलं तर बीज यायला वेळ असतो, आणि उद्याच्या सवडीवर टाकलं तर संपलेलं असतं.

हिशोब सोपा ठेवा. सकाळी माज दिसला तर त्याच संध्याकाळी बोकड दाखवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा. संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी. सोट काचेसारखा पातळ असतो तेव्हा माज नुकता लागलेला असतो. तो घट्टसर, दुधाळ व्हायला लागला की वेळ जवळ आली समजा.

अडचण कुठं असते हे मला ठाऊक आहे. बाई सकाळी भांगलणीला नाहीतर तोडीला जाते, बोकड असतो दोन किलोमीटरवर, आणि बोकडवाल्याला दोन खेपा परवडत नाहीत. शेळी सुट्टीच्या दिवशी नेली जाते, मग माज कुठल्याही दिवसाचा असो. माझा सल्ला असा, माजावरची शेळी एक रात्र बोकडवाल्याच्याच दावणीला बांधून यायची. चारा आपला न्यायचा, हवं तर थोडे पैसे जास्त द्यायचे. दोन खेपांपेक्षा ते सोपं पडतं. अशी एक रात्र ठेवून कितीतरी "वांझ" शेळ्या गाभ राहिलेल्या मी पाहिल्या आहेत.

उन्हात चालवत नेलेली शेळी लगेच बोकडासमोर उभी करू नका. सावलीत बसवा, पाणी पाजा. परत येतानाही पळवू नका.

त्याच बोकडाच्या बाकीच्या शेळ्यांना विचारा

माझ्या मते या अख्ख्या लेखातली ही सगळ्यात मोलाची तपासणी आहे, आणि तीच कुणी करत नाही. शेळी उलटली की सगळे शेळीकडे बघतात. बोकडाकडे कुणी बघत नाही, कारण तो दुसऱ्याचा असतो.

एका वर्षी जुलैत एकाच वाडीतून आठवड्याभरात पाच घरांतून निरोप आले. तिघींनी आपापल्या शेळीला औषधपाणी करून झालं होतं, एकीनं शेळी विकायला काढली होती. मी पाचही घरांतल्या तारखा एका कागदावर मांडल्या. बोकड एकच. जूनमध्ये त्याला दाखवलेल्या बहुतेक शेळ्या उलटल्या होत्या. मे महिन्यात तो पत्र्याखाली बांधलेला होता, चार दिवस तापही येऊन गेला होता. नर बीज तयार होऊन बाहेर पडायला जवळपास दोन महिने लागतात, त्यामुळं मेच्या उष्णतेचा आणि तापाचा फटका जून-जुलैत दिसतो. तोवर बोकड अंगानं ठणठणीत असतो, उडीही जोरात मारतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. पाचही शेळ्या दुसऱ्या गावच्या बोकडाला दाखवल्या आणि पुढच्या फुलीला त्यातल्या चार माजावर आल्या नाहीत.

तेव्हा शेजारी जाऊन विचारा : याच महिन्यात याच बोकडाला दाखवलेली तुमची शेळी टिकली का? दोन-तीन घरांतून "नाही" आलं तर तुमची शेळी निर्दोष आहे असं धरून चला.

मग बोकड बघा. वय किमान वर्षाचं हवं, दुधाचे दोन दात पडून मोठे दोन आलेले असले की बरं. दोन्ही वृषण सारखे, हाताला टणक-लवचिक, खाली नीट लोंबलेले हवेत. एकच असेल, लहान-मोठे असतील, हात लावताच दुखत असेल तर तो बोकड पैदाशीचा नव्हे. पायानं लंगडा असेल तर उडी पुरी होत नाही. आणि त्याच्याकडं एकूण किती शेळ्या येतात? एका बोकडामागं 20 ते 25 शेळ्या हे प्रमाण धरतात. हंगामात एकाच दिवशी पाच-सहा शेळ्या लागल्या तर शेवटच्यांच्या वाट्याला फारसं काही उरत नाही. सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती, एवढं बोकडवाल्याशी बोलून ठरवा. गोठ्यावर पाचट पसरा, दुपारी अंगावर पाणी मारा.

बोकडाची दुसरी खोट नात्याची. गावात सगळ्यात तेजदार, वजनदार बोकड बकरी ईदला विकला जातो, कारण पैसा तिथं आहे. मागं राहतो तो कुणी न घेतलेला, आणि पुढची चार वर्षं तोच गावाचा बाप होतो. त्याच्या पाटी वर्षात माजावर येतात आणि त्यालाच दाखवल्या जातात. मग गर्भ गळतात, करडं किडकिडीत निघतात, जुळी कमी होतात. दीड-दोन वर्षांनी बोकड बदलायलाच हवा. विकायची गरज नाही, शेजारच्या गावाशी अदलाबदल करा. बचत गटातल्या दहा-बारा जणींनी मिळून एक चांगला बोकड घेतला तर प्रत्येकीला तो झेपतो. जुळ्यातला, दुधाळ आईचा घ्या. शेळी-मेंढी विकास महामंडळाची प्रक्षेत्रं आपल्याजवळच आहेत, साताऱ्यात दहिवडीला आणि सांगलीत कवठेमहांकाळजवळ रांजणीला. तिथं पैदाशीच्या बोकडाची चौकशी करा.

आणखी एक, फार थोड्यांना माहीत असलेली गोष्ट. आपल्या शेळ्यांत काही जन्मजात भुंड्या, म्हणजे बिनशिंगी, असतात. भुंडी शेळी आणि भुंडा बोकड अशी जोडी लावली तर पोटी दुलिंगी करडं येऊ शकतात. दिसायला पाट, पण आयुष्यात कधी गाभ राहत नाही. तुमची पाट दीड वर्षाची होऊनही माजावर येत नसेल, बोकडासारखी वागत असेल, आणि तिचे आई-बाप दोन्ही भुंडे असतील तर तिच्यावर औषधाचा पैसा घालू नका. भुंड्या शेळीला शिंगाचाच बोकड दाखवा, प्रश्न उरत नाही.

कंबरेवर हात ठेवून बघा

आता गव्हाण. शेळीच्या पाठीवर, शेवटच्या बरगडीच्या मागं, कण्यावर तळहात ठेवा. कण्याची धार सुरीसारखी लागली आणि बाजूची हाडं बोटांनी मोजता आली तर शेळी उपाशी आहे. अशा शेळीचं अंग आधी स्वतःला जगवतं, गर्भाचं नंतर बघतं. उलट धार हातालाच लागत नसेल, नुसती चरबी लागत असेल, तर तीही गाभ राहायला कुरकुर करते. पण परड्यातल्या शेळीत हे क्वचितच दिसतं.

पाटीचं वजन बघा. झोळी करून ताणकाट्याला अडकवली की होतं. उस्मानाबादी पाट 20-22 किलोची होईपर्यंत बोकड दाखवू नका, मग ती आठ महिन्यांची असो की बाराची. माज लवकर येतो म्हणून लवकर दाखवली तर ती उलटते, आणि राहिलीच तर विताना अडते.

बोकड दाखवायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून ते नंतर दोन-तीन आठवडे रोज पाव किलो खुराक द्या : मक्याचा भरडा, शेंगदाणा पेंड, गव्हाचा कोंडा किंवा चुणी. त्यात चिमूटभर मीठ आणि डॉक्टर सांगतील तेवढं खनिज मिश्रण. या दिवसांत अंग चढतीला असेल तर बीजं जास्त सुटतात, जुळ्यांची शक्यता वाढते. सुरुवात मूठभरापासून करा आणि आठवड्यात पाव किलोवर न्या. एकदम भरडा ओतला तर पोट बिघडून शेळी दगावते, ही चूक मी दोन घरांत पाहिली आहे.

चाऱ्यातले दोन दोष आपल्या सांगली-सातारा जिल्ह्यांचे खास आहेत. कृष्णा-वारणा काठापासून अगदी खटाव-कडेगावपर्यंत गाळप हंगामात चार-पाच महिने शेळीपुढं उसाचं वाढं पडतं, कारण ते स्वस्त, कधी फुकट. वाढ्यात प्रथिनं कमी, आणि त्यातलं ऑक्झॅलेट अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं. पोट भरलेलं दिसतं आणि शेळी आतून रिकामी होत जाते. हंगामाच्या शेवटी-शेवटी उलटण्याच्या तक्रारी का वाढतात हे माझ्या लक्षात यायला तीन वर्षं लागली. वाढं बंद करा असं मी म्हणत नाही, ते शक्यच नाही. निम्मं ठेवा. उरलेलं तुरीचं-हरभऱ्याचं भुसकट, शेवरी, हादगा, दशरथ घास, जे मिळेल ते. खनिज मिश्रण त्या महिन्यांत चुकवू नका.

दुसरा दोष माण, आटपाडी, जतच्या कोरड्या पट्ट्यात. तिथं उन्हाळ्यात हिरवं म्हणजे सुबाभूळ. सुबाभळीत मायमोसीन नावाचं विषारी द्रव्य असतं. नुसत्या सुबाभळीवर ठेवलेल्या शेळीचे केस गळतात, माज बिघडतो, गर्भ गळतात. एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर सुबाभूळ जाऊ देऊ नका. बाभळीच्या शेंगा, बोराटी, कडब्याची कुट्टी यांच्यासोबत द्या.

डोळ्याची पापणी

खुराक देऊनही शेळी भरत नसेल तर तो खुराक जंत खातायत. खालची पापणी अंगठ्यानं खाली ओढून आतला रंग बघा. लालसर गुलाबी असेल तर ठीक. फिकट, पांढुरकी असेल तर बहुधा रक्त पिणारे जंत आहेत, आणि हनुवटीखाली पाणी साठून सूज लोंबत असेल तर वेळ फार थोडा आहे, त्याच दिवशी डॉक्टर.

जंताचं औषध वजनावर असतं, अंदाजावर नाही. कमी पाजलं तर जंत मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. शेळीला मेंढीपेक्षा जास्त मात्रा लागते, म्हणून मेंढपाळ पाव्हण्याच्या सांगण्यावरून देऊ नका. लेंड्या कागदात बांधून पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या, कोणते जंत आहेत ते कळलं की औषध नेमकं देता येतं. बोकड दाखवलेली शेळी असेल तर डॉक्टरला आधी तसं सांगा. अल्बेंडाझोल हे नेहमीचं औषध पहिल्या दीड महिन्यात गर्भाला बाधतं, आणि "जंताचं पाजलं आणि उलटली" यातल्या काही घटना यामुळं घडतात. बोकड दाखवायच्या दोन-तीन आठवडे आधी जंताचं काम उरकून टाकलेलं सगळ्यात बरं.

बोकड बदला, एकदाच

तारीख बरोबर, वेळ बरोबर, अंगानं चांगली, पापणी लाल, आणि तरी दोनदा उलटली. आता तिसरा माज पूर्ण वेगळ्या बोकडाला द्या, दुसऱ्या गावच्या, ज्याच्या शेळ्या याच दोन महिन्यांत गाभ राहिल्या आहेत. किंवा कृत्रिम रेतन करून घ्या. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं शेळ्यांच्या गोठीत विर्यावर बरंच काम केलेलं आहे. पण रेतनात वेळ आणि हात दोन्ही अचूक लागतात. गाईंचं रेतन करणारा प्रत्येक जण शेळीचं करू शकतो असं समजू नका, शेळीचं शिकलेला माणूसच बोलवा.

ही पायरी शेवटी ठेवली कारण तिला पैसे आणि पायपीट लागते. पण ती गाळू नका. नवा, खात्रीचा बोकड दाखवूनही शेळी उलटली तरच दोष शेळीत आहे असं म्हणायला आधार मिळतो.

कुठं थांबायचं

खालीलपैकी काहीही दिसलं तर घरचे उपाय तिथंच थांबवा आणि सरकारी दवाखान्यात जा, किंवा 1962 या क्रमांकावर फोन करून फिरत्या पथकाची चौकशी करा.

सोट पांढरा-पिवळा, घाण वासाचा, पुवासारखा असेल. मागच्या वेताला वार अडकली होती, ओढून काढली होती, आणि तेव्हापासून उलटते. आठवड्याच्या आत सतत माज दाखवते. व्याल्यावर चार-पाच महिने होऊनही, अंगानं चांगली असूनही, माजावर येत नाही. खोट्या गाभणपणाची शंका आहे. खात्रीचा बोकड दाखवूनही तिसऱ्यांदा उलटली. या सगळ्यांत गर्भाशय किंवा अंडाशय तपासावं लागतं, औषध ठरवावं लागतं, आणि ते शिकलेल्या डॉक्टरचंच काम. गर्भाशयात औषध सोडायला कुणाही माणसाला हात घालू देऊ नका, शेळीची वाट अरुंद असते आणि आतून फाटली तर शेळी जाते. सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जवळच्या डॉक्टरनं तिथं न्यायला सांगितलं आणि शेळी मोलाची असेल तर भाड्याकडं बघू नका.

आणि गाभडणं. चौथ्या-पाचव्या महिन्यात एक शेळी गाभडली की धक्का लागला, मेंढ्यानं ढुसणी दिली असं आपण म्हणतो, आणि एखाद्या वेळी खरंच तसं असतं. पण पाठोपाठ दुसरी गाभडली तर तो संसर्ग समजायचा. त्यात ब्रुसेला हा जिवाणू असू शकतो, आणि त्याचा आजार माणसालाही होतो : महिनोनमहिने चढउतार होणारा ताप, सांधेदुखी, अंगातलं त्राण जाणं. शेळीचं सगळं बाया करतात, पडलेलं करडू आणि वार उचलतात त्याही बायाच, उघड्या हातानं. माझी कळकळीची विनंती आहे, असं करू नका. हातात मोजे नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या बांधा, तोंडावर पदर घट्ट घ्या. घरात गरोदर सून-लेक असेल तर तिला गोठ्याकडं फिरकू देऊ नका. डॉक्टरला आधी फोन करा, कारण पडलेल्या गर्भाचा आणि वारेचा नमुना तपासायला लागतो, लगेच पुरून टाकलं तर कारण कधीच कळत नाही. नमुना घेऊन झाला की खोल खड्डा, वर चुना, वर माती, कुत्र्याला उकरता येणार नाही असा. ती शेळी वेगळी बांधा, तिचं दूध उकळल्याशिवाय कुणी पिऊ नका, आणि रक्ततपासणी होईपर्यंत तिला बोकडाला दाखवू नका. बोकडालाही संसर्ग होतो आणि तो पुढं वाटत फिरतो. घरात कुणाला ताप येत असेल तर माणसांच्या डॉक्टरला "आमची शेळी गाभडली आहे" हे आपणहून सांगा, कारण ते विचारलं जाईलच असं नाही.

डॉक्टर येणार असतील त्या सकाळी शेळी रानात सोडू नका, बांधून ठेवा. कॅलेंडरचं पान काढून हाताशी ठेवा, मागच्या वेताला किती करडं, वार कधी पडली, जंताचं औषध कधी पाजलं, कोणतं इंजेक्शन आधी दिलंय ते आठवून त्यावर लिहा. दिलेल्या औषधाची रिकामी बाटली टाकली नसेल तर तीही दाखवा.

डॉक्टरांनी गर्भाशयाला कायमची इजा आहे असं सांगितलं तर मात्र शेळी ठेवण्यात अर्थ नाही. ती कटाईच्या भावानं, कारण सांगून विका. दुसऱ्या कुणा बाईला गाभ राहील म्हणून विकू नका. आणि गाभडलेली, रक्त न तपासलेली शेळी तर बाजारात अजिबात उभी करू नका.